तिघं आत, एकजण बाहेर

डोळे मिटू नका. उघडे ठेवूनच कल्पना करा, म्हणजे वाचताही येईल.

समजा, तुम्ही पक्षी आहात. फार मोठे नाही आणि फार हुशारही नाही. उबदार समुद्रकाठच्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभे राहून तुम्ही पोटापाण्याचं बघताय. समोर एक कापडी खोली आहे, कपाटाएवढी, चिखलाच्याच रंगाची. काल ती तिथं नव्हती. तुम्हाला ती आवडलेली नाही; पण ती हलत नाही, बोलत नाही, म्हणून तुम्ही तिच्याकडे कानाडोळा करता. एवढ्यात दोन माणसं येतात आणि त्या खोलीत शिरतात. तुम्ही अर्थातच उडून जाता आणि लांब बसून बघत राहता. जरा वेळानं खोलीतून एक माणूस बाहेर पडतो आणि बांधावरून चालत दिसेनासा होतो. आता सांगा, खोलीत किती माणसं उरली?

तुम्ही लगेच ‘एक’ म्हणालात, कारण तुम्ही शाळेत जाता. पक्षी जात नाही. त्यानं माणूस येताना पाहिला, जाताना पाहिला, त्याच्या लेखी विषय मिटला. तो पुन्हा पाण्यात उतरतो. आणि आत उरलेला माणूस कापडाच्या भोकातून कॅमेरा रोखून त्याचीच वाट बघत बसलेला असतो.

पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक ही युक्ती फार दिवसांपासून वापरत आलेत. त्या कापडी खोलीला ते लपण म्हणतात. युक्ती दर वेळी चालतेच असं नाही, पण पुष्कळदा चालते. लपणात बसलेल्या माणसानं काढलेला फोटो पुढं सगळे बघतात आणि वाहवा करतात. बाहेर पडून गेलेल्या माणसाचं काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आपण विचारू.

एक मुलगी होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण तिची मान एका जागी ठरत नसे. जेवताना खिडकीकडे, अभ्यास करताना दाराकडे, फळ्याकडे बघायच्या वेळी मागच्या बाकाकडे. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करत. आई पडदे शिवायची. घरात कायम कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे पसरलेले असायचे आणि त्यांच्यावर पाय देण्याची सक्त मनाई असायची. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, खालच्या मजल्यावर राहायची. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, रोखा, हलू नका’ असं सांगून ती घरी येई, तेव्हा तिला कुणाशी बोलायचा कंटाळा आलेला असे.

बाबा आणि आत्या दर हिवाळ्यात चार दिवस लांबच्या समुद्रकाठी जायचे. तिथं खाडीच्या तोंडाशी मोठी पाणथळ जागा होती आणि थंडीत तिथं चमचे यायचे. हसू नका, पक्ष्याचंच नाव आहे. पांढराशुभ्र, उंच, आणि चोच टोकाला पसरट, अगदी आमटी वाढून घ्यावी अशी. दिवाणखान्यात चमच्यांचे नऊ-दहा मोठे फोटो लावलेले होते. पाहुणा आला की बाबा त्याला चहाच्या आधी फोटो दाखवत. आई म्हणायची, “वर्षभर मी लोकांच्या घरचे पडदे शिवते, आणि माझ्या घरचा पडदा हे नेऊन चिखलात रोवतात.” कारण लपणही तिनंच शिवलेलं होतं.

यंदाच्या सहलीची आखणी सुरू झाली तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला आणि तो जेवतानाही उचलला जाईना. अशा सहलीचं नियोजन सोपं नसतं. ओहोटीला पाणी दूर गेलं, की चिखल कोसभर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर इतके पांगतात की कॅमेऱ्यात ठिपके दिसतात. भरती आली, की पाणी त्यांना हळूहळू ढकलत काठाशी आणतं आणि शेवटी सगळे एका उंचवट्यावर दाटीवाटीनं उभे राहतात. लपण त्या उंचवट्यासमोर लावायचं. पण भरती दुपारी आली तर ऊन डोक्यावर, संध्याकाळी आली तर सूर्य नेमका समोर. म्हणजे भरती सकाळी लवकर हवी, सूर्य पाठीशी हवा, आणि शाळेला सुट्टीही हवी. बाबा भरतीचं वेळापत्रक घेऊन रोज तासन् तास बसत. अखेर सुट्टीत तशी एक सकाळ सापडली. तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ बरी होती, पण भरतीला उशीर होता आणि उजेड तोवर कडक होणार होता. खरी सकाळ एकच.

नावाड्याशी फोनवर बोलणं झालं. त्याच्या होडीत सामान धरून तीनच माणसं मावत. आणि या वर्षी तिसरं माणूस भिंगरी होती. बाबा एका सकाळी सहज म्हणाले, की यंदा तूही चल. तिनं दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीला विश्वास बसेना, तेव्हा तिनं चमचा कसा चालतो, चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे कशी फिरवतो, ते वर्गात चालून दाखवलं. बाईंनी तिला तसंच चालत जागेवर जायला सांगितलं.

घोडं अडलं ते दोन दिवसांनी. बाबा टेबलावर कॅमेऱ्याची भिंगं पुसत होते. तिनं विचारलं, की यातलं मला कुठलं मिळणार. बाबांनी मान वर न करता सांगितलं, “तुला कशाला भिंग? तू चालणार आहेस.”

“कुठं?”

मग त्यांनी नकाशावर बोट ठेवून समजावलं. आत्यानं यंदा स्वतःचा कॅमेरा घेतलाय. लपणात बसायच्या जागा दोन. तिघांनी आत शिरायचं, भिंगरीनं जरा थांबून बाहेर पडायचं, बांधावरून चालत त्या टोकाच्या झोपडीपर्यंत जायचं आणि हाक येईपर्यंत तिथंच बसायचं. काम सोपं आहे, पण त्याच्याशिवाय सगळं मुसळ केरात.

“मग मला काय दिसणार?” तिनं विचारलं.

बाबांनी खरंच विचार केला. “बांध,” ते म्हणाले. “आणि परत आल्यावर फोटो दाखवतोच की तुला.”

संध्याकाळी भिंगरीनं आईला सांगितलं, की मला सहलीला यायचं नाही. आई टाचण्या तोंडात धरून काम करत होती. तिनं त्या एकेक करून बाहेर काढल्या आणि म्हणाली, की नसेल जायचं तर नको जाऊस, माझ्याजवळ राहा. बाबांनाही त्यात फार वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, की काही अडत नाही, नेहमीप्रमाणे आत्याच चालेल.

हे ‘नेहमीप्रमाणे’ तिच्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. आत्याची खोली जाड दाराची होती. पेशंटला झोपवायचं, हातपाय नीट लावायचे, मग आत्या एका काचेच्या खिडकीमागे जायची, तिथून ‘हलू नका’ म्हणायची आणि बटण दाबायची. भिंगरी बाकावर बसून राहिली. शेवटचा पेशंट, पाय मुरगळलेला एक म्हातारा, निघून गेल्यावर तिनं विचारलं, की चमचा पाण्यात उतरताना कसा दिसतो. पाय आधी पुढं काढतो की पंख आधी आवरतो?

आत्या हात धूत होती. “माहीत नाही गं,” ती म्हणाली.

भिंगरीला वाटलं, ती थट्टा करतेय. “तू तर दर वर्षी जातेस.”

“जाते ना. पण ते उतरतात तेव्हा मी बांधावर असते. तोंड पलीकडे करून.”

“एकदाही नाही बघितलंस?”

“फोटोत बघितलंय. तुमच्या घरी लावलेत ते.”

भिंगरीनं विचारलं, की बाबांना तू कधी सांगितलं का नाहीस. आत्या टॉवेल घडी घालून ठेवत म्हणाली, की त्याचा फोटो चांगला यावा असं मलाही वाटायचं, आणि दोघांतलं कुणीतरी बाहेर जायलाच हवं होतं. यात तक्रारीचा सूर नव्हता. दिवे बंद करता करता ती एवढंच म्हणाली, की यंदा मात्र आत बसावंसं वाटतंय.

घरी पोचल्यावर भिंगरीनं बाबांना सांगितलं, की मी येते, चालते. बाबांनी तिची पाठ थोपटली आणि रविवारी गच्चीवर सराव ठरवला. आईनं गच्चीत चिखल नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं.

गच्चीवर पाण्याची टाकी थोडी झिरपायची आणि तिच्याखाली कायम डबकं असायचं. तिथं चिमण्या अंघोळीला येत, आणि एक कावळा, ज्याला बाबा ‘वॉचमन’ म्हणत. लपण टाकीसमोर लावलं. तिघं आत शिरले. दोघं स्टुलांवर, भिंगरी उकिडवी. आत कापडाचा आणि धुळीचा वास होता. बाबांनी तिला पुटपुटत सूचना दिल्या: चोरपावलांनी जाऊ नकोस, चोराला सगळे ओळखतात. धावू नकोस. आपण दुकानात निघालोय असं चाल. आणि मागं वळून बघू नकोस.

ती बाहेर पडली. पाच-सहा पावलं नीट गेली, मग मान वळली. पुन्हा चार पावलं, पुन्हा मान. जिन्याच्या दाराशी पोचेपर्यंत तिनं इतक्यांदा मागं बघितलं, की वॉचमनही तिच्या नजरेमागून लपणाकडे बघायला लागला आणि तिथंच कठड्यावर ठाण मांडून बसला. चिमण्यांनी गच्चीत पाऊलही ठेवलं नाही.

“भिंगरे, मान,” आतून बाबांचा आवाज आला.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं मान दोन्ही हातांनी धरून ठेवली, तर कावळ्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं असावं. बाबा चिडले नाहीत, पण वैतागले. ते म्हणाले, की तू जिकडे बघशील तिकडे तो बघणार. त्यात कठीण काय आहे? सरळ चालायचं तर आहे.

“तू चालून दाखव ना, बाबा,” भिंगरी म्हणाली. हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच बघायचं होतं, कसं करतात.

बाबा स्टुलावरून उठले, पाठ सरळ केली आणि चालू लागले. त्यांची चाल छान होती, अगदी दुकानात निघाल्यासारखी. गच्चीच्या मध्यावर त्यांच्या पाठीमागे पंखांची फडफड झाली. बाबांची मान वळली.

“दादा, मान,” लपणातून आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी पेशंटशी बोलतानाचा होता.

भिंगरीनं तोंडावर हात दाबला. बाबा म्हणाले, की मला वाटलं काहीतरी पडलं. ते परत आले आणि पुन्हा निघाले, या वेळी खाली जमिनीकडे बघत, आणि जिन्यात जाऊन दाराआड उभे राहिले. वॉचमनही कंटाळून शेजारच्या इमारतीवर गेला.

लपणात दोघी उरल्या. ऊन टाकीवरून खाली सरकलं. मग एक चिमणी आली, आधी कठड्यावर, मग नळावर, मग डबक्याच्या कडेला. तिनं चोच बुडवली, इकडे तिकडे बघितलं आणि एकदम छाती पाण्यात टाकून दिली. पाण्याचे थेंब उडाले. आत्याचा हात कॅमेऱ्यावर होता, पण बराच वेळ बटण दाबल्याचा आवाज आला नाही. भिंगरीनं आत्याकडे बघितलं. आत्यानं श्वास रोखलेला होता.

बाबांना हाक मारल्यावर ते आले आणि लगेच विचारू लागले, की काय आलं. आत्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. बाबा म्हणाले, छान आलाय. मग त्यांनी विचारलं, की ती आली कुठल्या बाजूनं? आधी प्यायली का? एकटीच होती? आवाज केला का? आत्या सांगत गेली आणि ते फोटोत शोधत राहिले, पण फोटोत ते नव्हतं. त्यात फक्त एक भिजलेली चिमणी होती.

जेवायला बसल्यावर बाबांनी बहिणीला विचारलं, “बांधावरून खरंच काहीच दिसत नाही?”

“पाठ करून नाही दिसत,” आत्या म्हणाली आणि तिनं वाटी पुढं केली.

आईनं बाबांकडे बघितलं, पण टोमणा मारायची आलेली संधी तिनं सोडून दिली. असं क्वचित घडत असे.

बाबांनी ताट थोडं बाजूला सारलं आणि नकाशा ओढला. ते नियोजन करणारे माणूस. वाईट वाटलं तरी ते नकाशावरच वाटायचं. ते म्हणाले, की दुसऱ्या सकाळी मी बाहेर जातो, तुम्ही दोघी आत बसा. उजेड कडक असेल, पण पक्षी तेच. राहता राहिली पहिली सकाळ, खरी. त्या दिवशी मीही चाललो असतो, पण माझी मान तुम्ही बघितलीच. एवढी भरती वाया घालवायची माझी हिंमत नाही.

आत्या म्हणाली, की त्यात काय एवढं, पहिल्या सकाळी मी चालेन. मला सवय आहे. भिंगरीला बघू दे नीट. लहान आहे, तिला लक्षात राहील. मी काय, दुसऱ्या दिवशी बघेन.

“दुसऱ्या दिवशी आले नाहीत तर?” आईनं विचारलं. कारण असंही होतं. पहिल्या दिवशी शेकड्यांनी असलेले पक्षी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच खाडीत असतात, आणि त्यांना कुणी जाब विचारू शकत नाही.

त्यावर आत्यानं खांदे उडवले.

बाबा म्हणाले, की उद्या शाळेआधी एकदा शेवटचा सराव करू. भिंगरीला जमलं तर पहिल्या सकाळी ती चालेल. नाही जमलं तर आत्या. वाद नको.

आता नीट बघा, गोष्ट कुठं येऊन थांबलीय. भिंगरीला चमचे बघायचे होते, सगळ्या वर्गाला सांगून झालं होतं, आणि त्यासाठी तिला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त उद्या सकाळी एकदा मान वळवायची. तिची मान वळली तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. कुणी रागावलं नसतं. नावच भिंगरी. खुद्द आत्याही म्हणाली असती, की जाऊ दे, सवय आहे तिची. आणि तिनं ते मुद्दाम केलं हे कुणालाही, कधीही कळलं नसतं.

ती जेवण संपवून उठली आणि आईच्या पडद्यांच्या ढिगाजवळ बसून राहिली. आईनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, की कावळ्याला दोनपर्यंत मोजता येत असेल का. आई म्हणाली, की त्याचं मला माहीत नाही, पण तुझ्या बाबांना बहुतेक आजच आलं.

सकाळी हवेत गारवा होता. बाबांनी लपण लावलं. तिघं आत शिरले तेव्हा वॉचमन कठड्यावर हजर होता. काल त्याला काहीतरी गडबड आहे हे समजलेलं असावं, आणि आज तो सोक्षमोक्ष लावूनच जाणार असं दिसत होतं. बाबांनी भोकातून बघितलं आणि हळूच म्हणाले, की हा काही फसायचा नाही, तीन आले ते त्यानं मोजलेत.

आत्या स्टुलावरून अर्धवट उठली. “राहू दे,” ती कुजबुजली. “आपण दोघीही बाहेर जाऊ. दोघी जाताना दिसल्या, तर त्याचा हिशोब चुकेल. नाहीतर मीच जाते.”

भिंगरीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग तिनं आत्याचं लोकरीचं जाकीट आणि टोपी मागितली. आत्याला कळलं नाही, पण तिनं दोन्ही काढून दिलं. कोपऱ्यात लपणाचा एक जादा बांबू पडला होता. भिंगरीनं जाकिटाच्या बाह्यांमधून तो आडवा घातला, वर कॉलरला टोपी अडकवली, आणि ते सगळं खांद्याशी उंच धरून ती कापड सारून बाहेर पडली.

ती चालू लागली. जाकीट तिच्या शेजारी डुलत चाललं होतं. ती त्याच्याशी बोलत होती, मोठ्यानं, बाजाराला निघाल्यासारखी: आत्या, आज शाळेत माझी चाचणी आहे, आत्या, तुझ्या त्या म्हाताऱ्याचा पाय बरा झाला का, आत्या, हळू चाल ना जरा. मागं, टाकीच्या बाजूला, पंखांची फडफड झाली. तिचे खांदे ताठ झाले. कावळा उडाला होता, की चिमणी आली होती, की दोन्ही, हे बघायला एकच क्षण पुरला असता.

“सरळ बघ गं, आत्या,” ती जाकिटाला म्हणाली, आणि तशीच चालत जिन्यात शिरली, दार लोटून घेतलं, आणि हाक येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसून राहिली.